नवीन आणलेला पक्षी घाबरलाय की आजारी आहे?

वाचकाचं पत्र: "नमस्कार दादा, आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी ९ वर्षांची आहे, तिच्या वाढदिवसाला लव्हबर्डची जोडी आणली, एक हिरवा आणि एक निळा. आज पाचवा दिवस. हिरवा पहिले दोन दिवस गप्प होता, आता ओरडतो, खातो, पिंजऱ्यात वर-खाली करतो. निळा मात्र कोपऱ्यात पिसं फुगवून बसतो, दिवसाही डोळे मिटतो, शेपटी सारखी वर-खाली हलते आणि शी पातळ आहे. पण मी जवळ गेले की एकदम ताठ होतो, वाटीजवळ जाऊन दाणे पण उचलतो, त्यामुळे काही कळत नाही. दुकानदार म्हणाला नवीन आहे म्हणून घाबरलाय, आठवड्यात रुळेल, आणि पाण्यात घालायला पिवळी पावडर दिलीये. मिस्टर म्हणतात परत देऊन बदलून आणू. शेजारचे म्हणतात हे विदेशी पक्षी नाजूकच असतात, त्यापेक्षा देशी पोपट आणा. सासूबाईंना दमा आहे, त्यांना पक्ष्यांपासून काही होणार नाही ना? गॅलरीत पाऊस येतो म्हणून पिंजरा किचनच्या खिडकीत टांगलाय. मुलगी माणसाळवायला रोज हातात घेते. काय करू?"

ताई, तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दोन ओळी पाठवल्या होत्या, की निळ्याला सकाळीच डॉक्टरांकडे न्या आणि तोपर्यंत ऊब द्या, सदराची वाट बघू नका. तेच आता सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो, फक्त गाव बदलतं आणि पक्ष्याचा रंग बदलतो, आणि बऱ्याचदा पत्र हातात पडेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

आधी नावाचं सांगतो. आपल्याकडे दुकानात लव्हबर्ड म्हणून जो देतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, पाळणारे बजी म्हणतात. लांब शेपटी, गालाजवळ ठिपके, पंखांवर बारीक काळ्या रेघा असतील तर तो बजीच. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि अंगाने गुटगुटीत. डॉक्टरांना फोन करताना बजी म्हणूनच सांगा म्हणजे गोंधळ होणार नाही.

तर हा बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, मोठ्या थव्यात फिरणारा, आणि थव्यावर शिकारी पक्षी झडप घालतो तेव्हा जो मागे पडलाय, जो वेगळा दिसतोय तोच आधी उचलला जातो. म्हणून आजारी बजी शक्य असेल तोवर आजारी दिसत नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे "मी जवळ गेले की एकदम ताठ होतो". तुम्हाला ते धीर देणारं वाटलं असेल पण मला तिथेच काळजी वाटली. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक भला मोठा प्राणी आहात, तुम्ही आलात की तो उरलीसुरली ताकद गोळा करून मी ठीक आहे असं दाखवतो, दाणा उचलल्यासारखं करतो, आणि तुम्ही वळलात की परत कोपऱ्यात जाऊन मिटतो. म्हणजे पिंजऱ्यासमोर उभं राहून जे दिसतंय त्यावर भरवसाच ठेवायचा नाही, तुम्ही खोलीत नसताना तो काय करतो ते बघायचं. त्यासाठी काही महागडं लागत नाही, मोबाईल व्हिडिओवर लावून पिंजऱ्यासमोर टेकवून ठेवा आणि सगळे खोलीबाहेर जा, अर्धा तास. नंतर तो व्हिडिओ शांतपणे बघा. डॉक्टरांनाही तोच दाखवा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर हा पठ्ठ्या परत ताठ उभा राहणार.

आता घाबरलेला कसा ओळखायचा आणि आजारी कसा. घाबरलेला पक्षी बारीक होतो. पिसं अंगाला चप्प चिकटलेली, मान उंच, डोळे टक्क उघडे, एका जागी खिळून किंवा मग एकदम पिंजराभर फडफड. आजारी पक्षी उलट जाड होतो, पिसं फुगवून नुसता गोळा, कारण अंगातली ऊब टिकवायची असते. घाबरलेल्याचं लक्ष तुमच्याकडे असतं, आजाऱ्याचं लक्ष कुठेच नसतं. भीती माणूस खोलीतून गेला की उतरते आणि रोज थोडी थोडी कमी होत जाते, तुमच्या हिरव्याचं बघा ना, दोन दिवस गप्प, मग एक दिवस हळूच किलबिल, मग खाणं, मग चढणं, हे अगदी नॉर्मल आहे. पाचव्या दिवशीही सुधारणा नाही, उलट दिवसा डोळे मिटायला लागलाय, म्हणजे ती भीती नाही.

फुगणं नेहमीच वाईट असं मात्र समजू नका, नाहीतर रात्रभर जागाल. निरोगी बजीही झोपताना फुगतो, पण तो एक पाय पोटात घेतो, मान वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसतो, आणि झोपायच्या आधी चोच घासल्याचा कर्र कर्र आवाज येतो, तो समाधानाचा आवाज आहे, माझ्या घरात रात्री तो आला की मलाही बरं वाटतं. आजारी पक्षी दोन्ही पायांवर बसतो, दिवसाउजेडी, आणि डुलक्या घेताना तोल जातो. दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाला येऊन बसला तर ते फारच पुढचं लक्षण समजा.

शेपटीचं तर स्पष्टच सांगतो. उडून आल्यावर, गडबड झाल्यावर श्वास जोरात चालतो आणि शेपटी हलते, ती तीन-चार मिनिटांत थांबायला पाहिजे. शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी पंपासारखी वर-खाली होत असेल तर त्याला श्वास घ्यायला जोर लावावा लागतोय. चोच उघडी ठेवून श्वास, टिक टिक किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज, नाकपुडीजवळची पिसं ओली किंवा चिकट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अपवाद उन्हाळ्याचा, तेव्हा पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडून धापा टाकतो तो उकाड्याने, पण तुमच्याकडे सध्या पाऊस आहे त्यामुळे तो प्रश्न नाही.

शीचं थोडं नीट समजून घ्या कारण रोज सकाळी मिळणारा रिपोर्ट तोच आहे. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये पेपरची रद्दी न घालता पांढरा कोरा कागद घाला आणि रोज बदला. बजीच्या शीमध्ये तीन भाग असतात, मधे हिरवट नाहीतर तपकिरी गुंडाळी, तिच्यावर पांढरा चुन्यासारखा भाग, आणि भोवती थोडंसं पाणी. प्रवासानंतर, घाबरल्यावर, काकडी खाल्ल्यावर पाणी वाढतं पण मधली गुंडाळी आकारात राहते, हे जुलाब नव्हेत आणि एक-दोन दिवसात कमी होतं. गुंडाळीच विरघळून सगळा लगदा झाला असेल तर ते जुलाब. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी दिसायला लागला तर लिव्हरचा त्रास असू शकतो. अख्खे न पचलेले दाणे दिसले तर पोटात बिघाड, बजींमध्ये जठरात एक प्रकारची यीस्ट वाढते त्यात हे होतं, पक्षी दिवसभर खाताना दिसतो आणि तरीही वाळत जातो. डांबरासारखी काळी शी म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. आणि एकदम थोडी, गडद हिरवी शी म्हणजे पोटात काही गेलंच नाहीये. मोजणंही सोपं आहे, धडधाकट बजी दिवसात तीस-चाळीस वेळा तरी करतो, सकाळपासून कागदावर पाच-सहाच ठिपके असतील तर तो खात नाहीये हे नक्की, वाटीजवळ कितीही वेळा दिसू दे.

इथेच मी माझा पहिला पक्षी गमावला, म्हणून यावर जास्त लिहितो. पिवळी मादी होती, आणून आठवडाही झाला नव्हता. ती वाटीवर बसलेली असायची, चोच दाण्यात, आणि वाटी कायम भरलेली दिसायची, मी समजायचो खाऊन पिऊन मजेत आहे. राळ्याची वाटी, दुकानात कांगणी म्हणतात ती, ही फार फसवी असते हो. बजी दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी नुसत्या फोलपटांनी भरलेली असली तरी लांबून भरलेलीच दिसते. आणि आजारी पक्षी याच्या उलटंही करतो, दाणा उचलतो, चोचीत फिरवतो, टाकून देतो. माझी ती तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला होती, हातात घेतली तर छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, पिसांखाली काही उरलंच नव्हतं. पिसं सगळं झाकतात. तेव्हापासून मी रोज सकाळी वाटीवर फुंकर मारतो, फोलपटं उडून जातात आणि खरे दाणे किती राहिले ते कळतं, आणि नवीन पक्ष्याला मोजून दोन चमचे घालतो म्हणजे संध्याकाळी किती गेले याचा हिशोब लागतो.

आणि वजनकाटा घ्या. किचनमध्ये वापरायचा साधा डिजिटल चालेल, एक-एक ग्रॅम दाखवणारा. रोज सकाळी खायच्या आधी, छोट्या झाकणाच्या डब्यात (झाकणाला भोकं पाडून) पक्षी ठेवायचा, डब्याचं वजन आधी शून्य करून घ्यायचं, आकडा वहीत लिहायचा. आपल्याकडच्या बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ वर आला तर तुम्हाला तीन ग्रॅम म्हणजे काहीच वाटणार नाही, पण ते ६० किलोच्या माणसाचं पाच किलो वजन उतरण्यासारखं आहे, आणि ते चार दिवसांत. दहा टक्क्यांच्या आसपास घट झाली की पिसं कितीही सुंदर दिसोत, थांबायचं नाही.

आता निळ्याचं काय करायचं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत त्याला वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात घ्या, हिरव्याचा आवाज येईल अशा अंतरावर, म्हणजे कोण किती खातंय, कोणाची शी कशी आहे हे कळेल. तीन बाजूंनी टॉवेल. एका बाजूला पिवळा फिलामेंटचा बल्ब, ४० वॅटचा पुरतो, एलईडीने उजेड पडतो पण ऊब मिळत नाही हे लक्षात घ्या. बल्ब बाहेरच्या बाजूने, कापडाला टेकणार नाही असा, आणि पिंजऱ्याची दुसरी बाजू थोडी गार राहू द्या म्हणजे त्याला नको असेल तेव्हा सरकता येईल. आत २८ ते ३० डिग्री असलं की छान. चोच उघडली, पंख लांब धरले तर जास्त झालं. पावसात लाईट जाते तुमच्याकडे, तेव्हा गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या बाजूला लावा. दांडी खाली घ्या, दाणे आणि पाणी त्याच्या अगदी चोचीजवळ, उथळ वाटीत. दुकानात वाटीतलं पाणी प्यायची सवय असेल आणि तुम्ही बाटली लावली असेल तर पक्षी पाण्याशेजारी बसून तहानलेला राहतो, असं मी बघितलंय. खाणं आत्ता बदलू नका, दुकानात जे खात होता तेच द्या, कोथिंबीर, पालक, गाजर हे सगळं पुढे नक्की द्यायचंय पण तो बरा झाल्यावर.

ड्रॉपरने तोंडात पाणी, मध, ब्रँडीचा थेंब, कांद्याचा रस, यातलं काहीही घालू नका, कोणीही सांगितलं तरी. अशक्त पक्ष्याच्या श्वासनलिकेत ते सरळ जातं आणि तो गुदमरतो.

ती पिवळी पावडर बंद करा. दुकानातून मिळणाऱ्या अशा पावडरी बहुतेक टेट्रासायक्लिनच्या जातीच्या अँटिबायोटिकच्या असतात. एक तर काय झालंय ते माहीत नसताना दिलेलं औषध, यीस्ट असेल तर त्याचा शून्य उपयोग. दुसरं म्हणजे बजी कोरड्या भागातला, तो मुळात दिवसाला जेमतेम दोन-तीन मिली पाणी पितो, आजारी असला की त्याहून कमी, आणि पाणी कडू लागलं की पीतच नाही, म्हणजे औषध पोटात जाईना आणि वर तहान. तिसरं, पिंजऱ्यात समुद्रफेण (पक्ष्यांना चोच घासायला लावतात तो पांढरा तुकडा) लावलं असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध नीट शोषलंच जात नाही. पण पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, काय आणि किती दिवस दिलं हे त्यांना कळायलाच हवं.

डॉक्टर शोधताना आधी फोन करून विचारा की पक्षी बघता का, कारण गावातले बरेच पशुवैद्यक गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचे असतात, चांगले असतात पण तीस ग्रॅमच्या पेशंटचा डोस हा वेगळा सराव आहे. साताऱ्यात कोणी मिळालं नाही तर तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, खंबाटकी घाट उतरला की पुढे, तिथे फोन करून ओपीडीची वेळ आणि पक्षी कोण बघतं ते विचारून जा. (इतर वाचकांसाठी, मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीरलाही अशी सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.) नेताना लहान डबा किंवा पिंजरा, वर कापड, अंधार असला की पक्षी शांत राहतो, पाण्याची वाटी सांडते म्हणून तिच्या ऐवजी काकडीची चकती ठेवा. गाडीत मोठ्याने गाणी नकोत, एसीचा झोत नको. आदल्या दिवशीचा शी असलेला कागद, वजनाची वही, व्हिडिओ, पावडरचं पाकीट, एवढं सोबत न्या. शी तपासायला आणि गळ्यातला नमुना घ्यायला सांगा. निळ्याच्या चोचीवरचा नाकाचा भाग कोणत्या रंगाचा आहे तेही बघून ठेवा, गुलाबी-जांभळट असेल तर बहुतेक पिल्लू आहे, तपकिरी असेल तर मोठी मादी, आणि मादी फुगून, जोर लावत, शेपटी हलवत बसली असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, तिथे दिवस नाही तर तासच हातात असतात. चोचीवर किंवा पायावर पांढरट, सच्छिद्र खवले दिसले तर ते बारीक किड्यांमुळे, त्यावर औषध आहे आणि पक्षी बरे होतात, पण तेही डॉक्टरांनीच द्यायचं.

तुम्ही म्हणाल दुकानात तर चांगला दिसत होता. दिसत असेलही. ही पिल्लं जिथे जन्मतात तिथून व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात, तिथून तुमच्या घरी, काही आठवड्यांत तीन-चार जागा, खच्चून भरलेले पिंजरे, नवीन पाणी, नवीन चेहरे. अंगात दबून राहिलेलं इन्फेक्शन या ताणातच वर येतं, म्हणून नवीन पक्षी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जास्त आजारी पडतात. म्हणजे ताण आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एक दुसऱ्याला दार उघडून देतो, आणि "घाबरलाय फक्त" असं म्हणून ताणाकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच महागात पडतं.

किचनमधून पिंजरा आजच हलवा. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी पटीने हवा खेचून घेणारी असतात, म्हणून त्यांना धूर आपल्याआधी लागतो. फोडणीचा खकाणा तर आहेच, पण खरी भीती नॉनस्टिक तव्याची, तो रिकामा गॅसवर राहून जास्त तापला तर जो वाफारा येतो त्याचा आपल्याला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतात. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे, डांबरगोळ्या, हे सगळं त्याच्या खोलीपासून लांब. हॉलमध्ये, भिंतीला एक बाजू टेकलेली, डोळ्याच्या उंचीवर, थेट वारा आणि मांजर पोचणार नाही अशी जागा बघा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता, टीव्ही चालू असेल तर आतल्या खोलीत. पावसाळ्यात राळे आणल्यावर हुंगून बघा, कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले असतील तर बुरशी आहे, ते फेकून द्या आणि थोडे-थोडेच आणा. पुढे गणपती येताहेत, मिरवणुकीच्या दिवशी आणि नंतर दिवाळीत फटाक्यांच्या वेळी पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, एक मंद दिवा चालू ठेवून, कारण मिट्ट अंधारात दचकला तर तो जाळीवर आपटून पंख मोडून घेतो.

तुमच्या लेकीबद्दल. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा, श्वास ओढणारा पडदा) नसतं, त्याची छाती पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत जाते, त्यामुळे मुठीत घट्ट धरलं आणि छाती दाबली गेली तर त्याचा श्वासच थांबतो, नाक-तोंड मोकळं असलं तरी. हे तिला प्रेमाने समजावून सांगा, पण तिने धरलं म्हणून तो आजारी पडला असं घरात कोणीही म्हणू देऊ नका, कारण ते खरं नाही, आजार तो आणतानाच घेऊन आला असणार. वजन करण्यापुरतं तुम्ही घ्याल तेवढं सोडून दोन आठवडे हातात घेणं बंद, अगदी हिरव्यालाही. त्याऐवजी तिने पिंजऱ्यापासून चार-पाच फुटांवर बसून अभ्यास करावा, हळू आवाजात वाचावं, पक्ष्याकडे टक लावून न बघता. काही दिवसांनी तोच जवळच्या दांडीवर येऊन बसेल, तिच्या समोर पिसं साफ करेल, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब ताणेल, तेव्हा समजायचं की त्याला आता तिची भीती राहिली नाही. वजनाची वही तिच्याकडे द्या, आकडा तिने लिहायचा, मुलं या गोष्टी आपल्यापेक्षा नेमाने करतात.

सासूबाईंची काळजी रास्त आहे आणि ती मी हलकी करून सांगणार नाही. बजी, पोपट या कुळातल्या पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा आजार होऊ शकतो, सुकलेल्या शीची, पिसांची धूळ श्वासात गेली की. पक्षी वरून ठणठणीत दिसत असतानाही तो जंतू बाहेर टाकत असू शकतो, ताणात जास्त. माणसात साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया, म्हणजे नेहमीच्या तापासारखंच, म्हणूनच डॉक्टरांना पक्ष्यांचा संशय येत नाही. घरात कोणालाही ताप-खोकला आला तर "आमच्याकडे नवीन पक्षी आणलेत, एक आजारी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा, वेळेवर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. पक्ष्यांमध्ये मात्र याचा उपचार महिना-दीड महिना चालतो, तो मधे सोडायचा नाही. सासूबाईंच्या खोलीत पिंजरा नको, त्यांनी साफसफाई करायची नाही, ट्रेचा कागद पाण्याचा फवारा मारून ओला करूनच उचलायचा, कोरडं झाडायचं नाही, मास्क लावायचा, हात साबणाने धुवायचे. आणि आजार वगळला तरी नुसत्या पिसांच्या धुळीने दमा वाढू शकतो, त्यामुळे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना एकदा विचाराच, आणि त्यांना त्रास वाढतोय असं दिसलं तर पक्ष्यांना दुसरं चांगलं घर शोधणं यात काही कमीपणा नाही.

परत देऊन बदलून आणायचं मिस्टरांच्या डोक्यातून काढा. निळ्यासाठी तो आणखी एक प्रवास आणि आणखी एक गच्च पिंजरा, तिथे तो वाचणार नाही, आणि सोबतच्या पन्नास पक्ष्यांना जे असेल ते देईल. बदल्यात येणारा पक्षी त्याच पिंजऱ्यातला असेल. दुकानदाराला जरूर सांगा की पक्षी आजारी निघाला, चांगला असेल तर तो बाकीच्यांकडे बघेल. महिना-दीड महिना घरात तिसरा पक्षी आणू नका, आणि हिरवा ठीक दिसत असला तरी त्यालाही डॉक्टरांना दाखवा, पाच दिवस एकाच वाटीतलं खाल्लंय दोघांनी.

शेजारच्यांच्या देशी पोपटाबद्दल सरळ उत्तर, तो पाळणं, विकणं, विकत घेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मुनियांचंही तेच. बाजारातली ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली असतात आणि किती वाटेतच मरतात ते आपल्याला दिसत नाही. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

एक कठीण गोष्ट लिहायला मन होत नाही पण लिहितो. शेपटी हलायला लागलेले सगळेच पक्षी वाचत नाहीत, डॉक्टरांनी सगळं नीट केलं तरी. असं झालंच तर त्याला लगेच पुरू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून बर्फ घातलेल्या डब्यात गार ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि कॉलेजला फोन करून विचारा की तपासणी करता येईल का. काय आजार होता हे कळलं तर हिरव्याला वेळेत औषध मिळेल आणि सासूबाईंबद्दलही नेमकं सांगता येईल. लेकीला खरं सांगा, झोपलाय, उडून गेला असं नको.

पण आत्ता तो जिवंत आहे आणि तुम्ही पाचव्याच दिवशी विचारलंत, बरेच जण पंधराव्या दिवशी विचारतात. वजन किती भरलं आणि शीच्या तपासणीत काय आलं ते मला कळवा, आज सकाळचा आकडा त्या वहीत पहिला असू दे.